दोन काळ्या, एक कोरी

गेल्या आठवड्यात नानांच्या नातवाचा फोन आला. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला बसला होता. मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी "आधी जेवून घे" चाललेलं. "काका, इलेक्ट्रिकल पहिलं टाकू का? सगळे कॉम्प्युटर नाहीतर एआय टाकतायत. इलेक्ट्रिकलला स्कोप आहे का?"

मी त्याला शहाण्यासारखी उत्तरं दिली. नाशिकमध्ये राहून हा प्रश्न विचारतोस म्हटलं. अंबडला जा, सातपूरला जा, स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मरच्या कंपन्यांनी अर्धी एमआयडीसी भरली आहे. मग सोलर आलं, ईव्ही आल्या. मळ्यातल्या सौर पंपाकडे बघ, वरच्या पॅनेलमधून येते एकाच दिशेनं वाहणारी डीसी आणि खालची मोटार चालते थ्री फेज एसीवर. ते मधलं काम करणारा डबा इलेक्ट्रिकलचा की इलेक्ट्रॉनिक्सचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पोरगा "हो काका, हो काका" करत राहिला. फोन ठेवल्यावर वाटलं, खरं ते सांगितलंच नाही. आमच्या घरात इलेक्ट्रिकल आलं ते स्कोप बघून आलं नाही. एक मोटार जळाली म्हणून आलं, आणि त्या भानगडीत त्याचे आजोबा होते.

जानेवारी 1994. मी आठवीत होतो. निफाड तालुक्यात गोदाकाठाला आमचा मळा. द्राक्षबाग मणी फुगवणीवर आलेली आणि थंडी अशी पडलेली, की सकाळी पाइपावर दव गोठून पांढरं दिसायचं. महाराष्ट्रातली सगळ्यात कमी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या नावानं छापून येते, ती काही उगाच नाही. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटेपर्यंत पाणी चालू ठेवतात. विहिरीचं पाणी उबदार असतं, त्यानं बागेतली हवा थोडी तरी वर राहते. पाणी सोडायचं तर लाईट हवी, आणि लाईट येणार रात्री कधीतरी. म्हणून स्टार्टर 'ऑटो'वर टाकून ठेवायचा. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू.

त्या रात्री पाळी नानांची होती. नाना म्हणजे माझे चुलते, वडिलांपेक्षा चार वर्षांनी लहान. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. त्यांनी संध्याकाळी स्टार्टर ऑटोवर टाकला आणि कीर्तनाला गेले. साडेदहाच्या सुमारास लाईट आली. मी जागा होतो, भूगोलाचा नकाशा रंगवत होतो. आमच्या खोलीतला बल्ब लागला, पण कसा? विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, नुसता लाल. आतली तार मोजता येईल इतका मंद. आजी म्हणाली, "यापेक्षा रॉकेलचा दिवा बरा." मी बाहेर येऊन पाहिलं, तर नानांच्या घरातही तसाच लाल ठिपका, आणि पलीकडच्या शेजाऱ्यांचं अंगण मात्र लख्ख. मला गंमत वाटली. कंदिलाच्या उजेडात उरलेला नकाशा रंगवला आणि झोपलो.

पहाटे वस्तीवर जळक्या व्हार्निशचा वास सुटला होता. ज्यांनी तो एकदा घेतला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो.

पुढचे आठ-नऊ दिवस बागेला पाणी नाही. ज्या दिवसांत मणी फुगायचा, नेमके तेच. माल बारीक राहिला, व्यापाऱ्यानं भाव पाडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, फारसं बोलणारे नव्हते. पण त्या वर्षी ते एक वाक्य बोलले आणि मग तेच घरात राहायला आलं: "हा गेला टाळ कुटायला आणि मोटार जाळून बसला." दोन वर्षांनी वाटणी झाली. वाटणीला दहा कारणं असतात, मोटार हे त्यातलं एक. पण लग्नाकार्यात कुणी विषय काढला की पहिलं तोंडात यायचं ते हेच. नानांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. सप्ताहाला जाणं मात्र त्यांनी बंद केलं.

मोटार रिवाइंडिंगला पिंपळगाव बसवंतला नेली तेव्हा अण्णांबरोबर मीही गेलो होतो. दुकानदारानं मोटार उघडली, आतल्या तारेच्या तीन गुंडाळ्यांवर टॉर्च मारली आणि जेवण वाढताना बोलावं तसं सहज बोलला, "दोन काळ्या, एक कोरी. फेजचा घोळ आहे, भाऊ. रिले नव्हता का स्टार्टरला?" अण्णा म्हणाले, "ते माझ्या भावाकडं असतं." मी दुकानातल्या तांब्याच्या तारेची रिळं बघत होतो. कानावर पडलं तेवढं पडलं.

बारावीला बरे मार्क पडले. कॉम्प्युटरला कमी, सिव्हिलला जास्त, असे मधले. 1998 साली नाशिकच्या एका कॉलेजात, तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला, इलेक्ट्रिकलची सीट मिळाली. गावात बातमी पसरली ती "पोरगं वायरमन होणार" अशी. एका म्हाताऱ्यानं तर प्रवेशाच्या आधीच घरचा पंखा दुरुस्तीला आणून ठेवला. (तो पंखा मला चार वर्षांनंतरही नीट करता आला नाही, हे इथे कबूल करतो. पंखा नीट करणं ही वेगळी विद्या आहे.)

पंचवटीत निमाणी स्टँडच्या मागे चौघांत एक खोली घेतली. मराठी माध्यमातून आलेल्या पोराचं पहिल्या वर्षी जे होतं, ते माझंही झालं. सर फळ्यावर पोटेन्शिअल डिफरन्स लिहायचे आणि मी मनातल्या मनात ते विभवांतर करून मग समजून घ्यायचो. तोवर सर दोन गणितं पुढे. पण एक सांगतो, त्या भाषांतराच्या धडपडीत काही गोष्टी इंग्रजीवाल्यांपेक्षा मला लवकर दिसल्या. अल्टरनेटिंग करंट, म्हणजे एसी, म्हटलं तर नुसता बदल होतो एवढं कळतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला 'प्रत्यावर्ती धारा' म्हणायचे. पुन्हा पुन्हा मागे फिरणारी. वीज कुठून तरी येते आणि संपते, असं गावात सगळ्यांना वाटतं. ती येते तेवढीच परत जाते, हे त्या एका शब्दात होतं.

दुसऱ्या वर्षी 'जे' (इंग्रजी j) आलं आणि एटीकेटी देऊन गेलं. जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, काल्पनिक संख्या. गणितवाले तिला आय म्हणतात, पण आमच्यात आय करंटनं आधीच बळकावलेला, म्हणून जे. स्टाइनमेट्झ नावाच्या माणसानं 1893 साली शिकागोच्या विद्युत परिषदेत ही रीत मांडली आणि एसीची गणितं शाळकरी बेरीज-वजाबाकीवर आणून ठेवली, असं सर सांगायचे. शाळकरी! मला नेटवर्क्समध्ये सत्तावीस मार्क होते. काल्पनिक करंट अमीटरला दिसतो, तार तापवतो आणि काम मात्र काही करत नाही, हे पचायला वर्ष गेलं. पचलं ते मशीन लॅबमध्ये. दोन वॉटमीटर लावून थ्री फेज मोटारीची पॉवर मोजायची असते. मोटार रिकामी फिरवली की एका वॉटमीटरचा काटा उलटा, शून्याच्या मागे जाऊन आदळतो. मला वाटलं, मीच मोडला. लॅब असिस्टंट आले, काही न बोलता त्या मीटरची दोन टोकं अदलाबदल केली आणि म्हणाले, "याच्यापुढं मायनस लिही. पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या खाली आहे." पॉवर फॅक्टर म्हणजे एकूण करंटात खऱ्या कामाचा वाटा. पुस्तकात पाच पानं वाचून जे गळी उतरलं नव्हतं, ते त्या आदळणाऱ्या काट्यानं उतरवलं.

त्या असिस्टंटांकडून मी जे शिकलो त्याला मार्क नव्हते. ते मोटारीचा आवाज ऐकून सांगायचे, कोणती फेज ढिली आहे. चालू पॅनेलजवळ जाताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात जायला छातीतून वाट मिळत नाही. डीसी मोटारीची फील्ड वायर चालत्यात कधी सोडायची नाही, वेग वाढत वाढत यंत्र स्वतःला फोडून घेतं. असं एकेक. बाकी कॉलेज म्हणजे जे सगळ्यांचं असतं तेच. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलं, ट्यूबलाइटवर काच ठेवून जीटी मारलेली ड्रॉइंगची शीटं, परीक्षेआधीच्या पीएलच्या सुटीत झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या वर्षी एकलहऱ्याला औद्योगिक भेटीला नेलं. नाशिकमध्ये राहून त्या चिमण्या लांबून रोज दिसायच्या, आत पहिल्यांदाच गेलो. तेव्हा तिथं पाच संच होते, दोन 140 मेगावॉटचे आणि तीन 210 चे. 210 च्या जनरेटरचा रोटर मिनिटाला तीन हजार फेरे फिरतो आणि तो थंड ठेवायला आत हवेऐवजी हायड्रोजन भरलेला असतो, हे ऐकून सगळे दोन पावलं मागे सरकलो. मला मात्र लक्षात राहिला तो कंट्रोल रूममधला एक काटा. फ्रीक्वेन्सीचा. पन्नासवर असायला हवा तो काटा 48.7 वर होता. ऑपरेटर म्हणाला, "संध्याकाळी असाच बसतो. मागणी जास्त, मशीन कमी." पश्चिम भारतातल्या झाडून सगळ्या यंत्रांचा वेग त्या क्षणी तेवढाच मंदावला होता, आमच्या मळ्यातल्या मोटारीसकट. एका काट्यात एवढं सगळं एकत्र बांधलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढे हाच काटा मला नडणार होता, तो भाग नंतर.

मोटारीबद्दल कळायला सुरुवात झाली ती इंडक्शन मशीनच्या धड्यात. तीन फेज, म्हणजे एकीमागून एक चढउतरणाऱ्या तीन एसी धारा, तीन जागी गुंडाळल्या की आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला बरोबर ओढून नेतं. फेरारीस आणि टेस्ला, दोघांनी एकमेकांना न विचारता ही युक्ती काढली, 1888 साली ती जगापुढे आली. पण एक फेज गेली तर? क्षेत्र फिरत नाही, नुसतं जागच्या जागी धडधडतं. सरांनी सांगितलं, हे धडधडणं म्हणजे दोन फिरती क्षेत्रं समजा, सारख्या ताकदीची, एक सुलटं आणि एक उलटं. मोटार आधीच फिरत असेल तर सुलट्याची सरशी होते, ती रडतखडत चालत राहते. थांबलेली असेल तर दोन्हीकडून सारखीच ओढ. मला डोळ्यांपुढे मोटेचे बैल दिसले, एका नाड्याला दोन दिशांनी जुंपलेले. मोट हलणार नाही आणि बैल मात्र फेसाळतील. मोटार हलत नाही, नुसती घुमते, चारपाच पट करंट ओढते आणि जळते. फोर्टेस्क्यू नावाच्या इंजिनिअरनं 1918 मध्ये हेच सगळीकडे लागू होईल असं करून दाखवलं. कितीही बिघडलेल्या तीन फेज असोत, त्या एक सुलट, एक उलट आणि एक शून्य अशा नीटस संचांत फोडता येतात. गणित देखणं आहे. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि आमच्या मोटारीशी ते जोडून बघायचं मला सुचलंच नाही. शिक्षणाचं हे असं असतं. विहिरीचं पाणी वेगळं आणि नळाचं वेगळं.

मे 2001. तिसऱ्या वर्षाची ओरल. बाहेरचे परीक्षक, पांढरी मिशी, मे महिन्यात कोट. दोन-चार साधे प्रश्न झाले. मग त्यांनी कागदावर डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, काढली. वरच्या बाजूला, एचटीला, अकरा हजार व्होल्ट, डेल्टा. खालच्या बाजूला, घरांकडे जाणाऱ्या एलटीला, स्टार, न्यूट्रलसकट. वरच्या तीन फ्यूजांपैकी एकावर त्यांनी फुली मारली. "एचटीचा एक फ्यूज गेला. एलटीवर काय दिसेल?"

मी म्हणालो, एक फेज जाईल. ते म्हणाले, "सगळे हेच सांगतात. नीट बघ."

मी बघत बसलो. वर तीन गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या. एक लाईन तुटली, तर उरलेल्या दोन लाईनींच्या मधल्या गुंडाळीला पूर्ण व्होल्टेज. बाकीच्या दोन आता एकामागे एक, त्याच दोन लाईनींमध्ये. म्हणजे त्यांच्या वाट्याला अर्धं-अर्धं. खाली एका फेजला अडीचशे, दुसरीला सव्वाशे, तिसरीला सव्वाशे. सव्वाशे व्होल्टवर दोनशेतीसचा बल्ब...

"दोन घरं मिणमिणती आणि एक लख्ख, सर."

"घरं? घरं कुठून आली?" असं म्हणून ते हसले, पण कागदावर बरोबरची खूण केली. पुढे काय विचारलं आणि मी काय सांगितलं, आठवत नाही. मी निफाडच्या अंगणात उभा होतो. अर्ध्या व्होल्टेजला बल्बचा उजेड अर्धा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. विझता निखारा. आजीचं वाक्य. शेजाऱ्यांचं लख्ख अंगण. आणि दोन दिवसांनी आलेला वायरमन, जो खालच्या पेटीला हातही न लावता थेट वर चढला होता, अकरा हजाराच्या फ्यूजपाशी.

त्या रात्री मी खोलीवर बसून बाकीचं सोडवलं. ते दोन सव्वाशे एकाच दिशेचे आणि अडीचशे त्यांच्या उलट. म्हणजे मोटारीच्या दोन जोड्यांवर पावणेचारशे आणि तिसऱ्या जोडीवर शून्य. आमची मोटार डेल्टा जोडणीची. दोन गुंडाळ्यांना जवळपास पूर्ण व्होल्टेज, तिसरीला काहीच नाही.

दोन काळ्या, एक कोरी.

खालच्या पेटीतला फ्यूज गेला असता, तर उलटं झालं असतं, एकच काळी पडली असती. पिंपळगावच्या त्या दुकानदारानं टॉर्च मारून जेवढं वाचलं, तेवढं वाचायला मला तीन वर्षं आणि एक ओरल लागली. आणि नानांचं त्यात काय चुकलं होतं? ते वस्तीवर असते तरी मोटार लाईट आल्यावर काही मिनिटांतच घुमून तापली असती. त्यांना उठून, चालत विहिरीवर जाऊन, अंधारात कळेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. ते काम माणसाचं नव्हतंच. ते रिलेचं होतं. करंट वाढला की ओव्हरलोड रिले मिनिटाच्या आत मोटार बंद करतो, त्यासाठीच तो स्टार्टरमध्ये बसवलेला असतो.

मग रिलेनं का नाही केलं?

सुटीत घरी गेलो. शेतकऱ्याच्या घरात काही फेकलं जात नाही, हे या लेखाच्या दृष्टीनं बरं. जुना स्टार्टर शेडमध्ये, सल्फरच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे होता. हिरवा डबा, कडा गंजलेल्या. झाकणाचे स्क्रू काढले. आत पालीची दोन अंडी, आणि रिलेच्या ट्रिपच्या दोन टोकांवर आडवी टाकलेली एक तार. म्हणजे रिले ट्रिप झाला तरी स्टार्टरला पत्ता लागू नये. बायपास. तार तांब्याची नव्हती. द्राक्षाच्या मांडवाला वापरतात ती जस्ताचा मुलामा दिलेली बारीक लोखंडी तार होती.

आमच्या मांडवाची सगळी बांधणी दोघा भावांनी मिळून केलेली. अण्णांचा पीळ अडीच वेढ्यांचा, आणि उरलेलं टोक ते नेहमी आत वळवतात, छाटणीच्या वेळी बायकांच्या हाताला ओरखडा येऊ नये म्हणून. नानाही तसंच वळवतात, अण्णांनीच शिकवलेलं. पण नाना डावरे आहेत. त्यांचा पीळ उलटा बसतो. लहानपणी मी बागेत फिरताना सांगायचो, ही ओळ अण्णांची, ही नानांची.

डब्यातला पीळ अडीच वेढ्यांचा होता. सुलटा.

मी झाकण लावलं आणि गोण्यांच्या मागे डबा होता तसा ठेवला. "ते माझ्या भावाकडं असतं." अण्णांनी हे पिंपळगावात म्हटलं तेव्हा त्यांना माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं.

पहिल्यांदा राग आला, हे खोटं कशाला सांगू. पण रागाच्या मागोमाग गणित आलं, आणि ते जास्त चिवट निघालं. आमची वस्ती लाईनच्या शेवटाला. तिथं रात्री चारशे पंधराच्या जागी तीनशे-सव्वातीनशे व्होल्ट यायचे. व्होल्टेज पडलं की इंडक्शन मोटार तेवढंच पाणी उपसायला जास्त करंट ओढते, आणि रिले बिचारा आपलं काम करतो, ट्रिप होतो. जानेवारीच्या थंडीत, रात्रीतून तीनदा, गुडघाभर चिखलातून, विंचू-सापातून जाऊन ते बटण पुन्हा दाबायचं. किती दिवस दाबेल माणूस? पहाटे पाणी थांबलं तर बाग गारठणार. अण्णांनी त्यांच्यापुढे होतं तेवढ्याचा हिशोब केला होता. नोकरीत गेली वीस वर्षं मी रिले तपासतो, आणि अजूनही माझं मत तेच आहे: विनाकारण ट्रिप होणारा रिले हा नसलेल्या रिलेपेक्षा वाईट, कारण तो माणसाला तार टाकायला शिकवतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्या गटातल्या बाकीच्यांना काहीतरी मायक्रोप्रोसेसरचं करायचं होतं, दाखवायला बरं दिसतं म्हणून. मी हट्टानं सिंगल फेज प्रिव्हेंटर घ्यायला लावला. बाजारात तो तेव्हाही मिळत होता, गाइडनं तोंड वाकडं केलं. पण आम्हाला असा हवा होता, जो कमी व्होल्टेजला गप्प राहील आणि फेज बिघडली की मात्र लगेच मोटार सोडेल. फोर्टेस्क्यूचा उलटा संच तेवढा हुडकायचा. रेझिस्टर आणि कपॅसिटरची एक जुळणी असते. तिन्ही फेज समतोल असल्या, मग व्होल्टेज कितीही पडलेलं असो, तिच्यातून बाहेर शून्य येतं. फेज गेली किंवा उलटसुलट झाली, की त्यातून व्होल्टेज डोकं वर काढतं. मग ऑप-अँप, ट्रान्झिस्टर, रिले. इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखेतल्या दोघांना मिसळ खाऊ घालून पीसीबी करून घेतली. फेरिक क्लोराइडनं बोटं आठवडाभर पिवळी.

काही पार्ट नाशिकला मिळेनात, म्हणून मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. इगतपुरीला गाडी थांबली. नाशिककरांना हा थांबा वडापावसाठी माहीत असतो, पण तिथं त्या काळी बऱ्याच गाड्यांचं इंजिन बदलायचं. आमच्या बाजूला पंचवीस हजार व्होल्टची एसी, घाटाच्या बाजूला पंधराशे व्होल्टची डीसी, मुंबईत 1925 साली पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून चालत आलेली. मी खाली उतरून वर तारांकडे बघत राहिलो. दोन विजा तिथं येऊन एकमेकींपुढे थांबतात, मधल्या तुकड्यात आळीपाळीनं येतात, एकमेकींना शिवत नाहीत. आमच्या घरासारखंच, असं काहीतरी तेव्हा मनात आलं. वय वीस-एकवीसचं होतं, सगळंच घरासारखं वाटायचं.

लॅबमध्ये आमचा डबा दिवसभर उत्तम चालायचा आणि संध्याकाळी सहानंतर खुळ्यासारखा ट्रिप व्हायचा. फेजा ठीक, व्होल्टेज ठीक. दोन आठवडे वायरिंग उसवत होतो. मग एका संध्याकाळी असिस्टंटांनी फ्रीक्वेन्सी मीटर आणून जोडला. 48.7. कपॅसिटरचा अडथळा फ्रीक्वेन्सीवर ठरतो, ती घसरली की आमच्या जुळणीतलं शून्य शून्य राहत नव्हतं, आणि आम्ही ट्रिपची मर्यादा शहाणपणा करून फार बारीक ठेवली होती. म्हणजे मीही तोच रिले बनवत होतो, विनाकारण ट्रिप होणारा. मर्यादा सैल केली, वर दोन-तीन सेकंदांचा उशीर घातला. मग तो सुधारला.

जून 2002 मध्ये दोन डबे घेऊन गावी गेलो. जास्तीचा एक का बनवला, हे गटातल्यांनी विचारलं नाही. जेवणं झाल्यावर अण्णांपुढे डबा ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो चारही बाजूंनी पाहिला.

"काय करतो हा?"

"एक फेज गेली की मोटार बंद करतो. वरचा फ्यूज गेला तरी. दोन घरं मिणमिणती झाली की याला कळतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याची टोकं मोजत राहिले.

"आणि लाईट कमी असली तर?"

"कमी असली तर काही करत नाही. उठवणार नाही रात्री."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आई भांडी घासत होती, तेवढाच आवाज. मग त्यांनी बोटानं त्या दोन टोकांना हात लावला, जिथून तो स्टार्टरला जोडायचा.

"इथं तार टाकली तर बंद पडेल का हा?"

"पडेल."

"हं." डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "उद्या पहिला नानाकडं बसव."

सकाळी नानांच्या विहिरीवर गेलो. अण्णा बरोबर आले, वाटणीनंतर त्या बांधावर पहिल्यांदाच. नानांनी मला पक्कड दिली, डाव्या हातानं. मी मेन स्विच पाडून जोडणी करत होतो आणि ते दोघं केबलची दोन टोकं धरून उभे होते, पावसाविषयी काहीबाही बोलत. जोडणी झाल्यावर केबल खांबाला बांधायची राहिली होती. अण्णांनी खिशातून मांडवाची तार काढली, एक वेढा घातला, आणि मग नानांपुढे धरली.

"तू बांध," ते म्हणाले. "तुझी मोटार आहे."